टायर वाजवण्याआधी

मांजरसुंब्याच्या धाब्यावर भर दुपारी एका ड्रायव्हरनं दुसऱ्याचा कान तोडला, तेव्हा भागवत सानप शेवभाजी खात होता. तोडला म्हणजे दातांनी तोडला. कारण काय, तर गाडी मागं घेताना आरशाला आरसा घासला. एके काळी असल्या गोष्टीवरून आधी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, मग कॉलर धरली जायची, मग कुणीतरी मध्ये पडायचं आणि दोघं एकाच खाटेवर बसून चहा प्यायचे. इथं शिवी नाही की आरडाओरडा नाही. आरसा फुटलेला माणूस शांतपणे खाली उतरला, समोरच्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, कान तोंडात घेतला, हिसका दिला आणि तुकडा मातीत थुंकला. मग नळावर चूळ भरून त्यानं दाल-रोटी सांगितली.

कान गेलेला माणूसही ओरडला नाही. कान डावा होता. तो भट्टीपाशी गेला, रोट्या काढायची लोखंडी सळई उचलली आणि दाल-रोटीवाल्याच्या तोंडावर हाणत राहिला. पुढचे दात टेबलावर सांडले तेव्हा थांबला. सळई जागेवर ठेवली. बोंबलत होता तो एकटा धाब्याचा मालक.

शिंतोडे उडू नयेत म्हणून भागवतनं आपलं ताट जरा सरकवून घेतलं आणि भाकरी संपवली. हात धुताना त्याच्या मनात आलं, की आपण उठून सोडवायला पाहिजे होतं. आलं आणि गेलं. त्या दोघांच्या आणि त्याच्याही कपाळावर वज्रपथ कंपनीची करडी पट्टी होती.

आता ही पट्टी काय भानगड होती, ते सांगायला हवं.

वज्रपथ ही देशातली सगळ्यात मोठी मालवाहतूक कंपनी. तिनं विनाड्रायव्हरच्या गाड्याही आणून पाहिल्या होत्या. सरळ रस्त्यावर त्या शहाण्यासारख्या धावायच्या, पण घाटात मेंढरांचा कळप आडवा आला, समोरून वरात आली, की गोंधळून जागीच उभ्या राहायच्या. दोन-चार मोठे अपघात झाले आणि कायदा आला की स्टिअरिंगवर माणूस पाहिजेच. आणि माणूस म्हटला की झोप आली. म्हणून मग जुनीच पद्धत चालू राहिली, जोडीची. एक चालवणार, दुसरा मागच्या फळीवर झोपणार.

भागवतची जोडी चौसाळ्याच्या रज्जाक पठाणशी होती. वीसेक वर्षं दोघं एका केबिनमध्ये राहिले. नवराबायको भांडणार नाहीत इतके भांडले. रज्जाकला गाणी लागायची, भागवतला शांतता. रज्जाक घाटात बडबडायचा, भागवत घाटात देवाचं नाव घ्यायचा. पण भागवतच्या थोरलीच्या लग्नात मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या पाया पडायला रज्जाकच उभा होता.

आणि दोघांचीही एक सवय होती, जी रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरची असते. गाडी थांबली की टॉमी, म्हणजे टायर काढायची हातभर लोखंडी पहार, घेऊन गाडीभोवती फिरायचं आणि एकेका टायरवर एक ठोका घालायचा. ठण्ण वाजला तर हवा भरलेली, थप्प वाजला तर बसलेली. पण ठोका घालण्याआधी हाक मारायची, "खाली कोण हाय का रं?" कारण उन्हातान्हात माणसं गाडीच्या सावलीत चाकाला टेकून झोपलेली असतात. खालून "हाय" असा आवाज आला, की तो माणूस सरकेपर्यंत टॉमी वर उचलायची नाही. तो पक्का वैरी असला तरी नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आणि मोडलेलंही कुणी ऐकलं नव्हतं.

तर पट्टी. कंपनीच्या डॉक्टर मृदुला केंजळे यांनी ती पहिल्यांदा समजावली, तेव्हा डॉल्फिनपासून सुरुवात केली. डॉल्फिन पाण्यात राहतो, पण श्वास घ्यायला वर येतो. तो पूर्ण झोपला तर बुडून मरेल. म्हणून त्याचा अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो, मग पाळी बदलते. समुद्रावरून दिवसच्या दिवस उडणारे काही पक्षीही असंच करतात. माणसाच्या मेंदूच्या पोटात, दोन्ही अर्ध्यांसाठी एकेक, असे थॅलॅमस नावाचे दोन लहान गोळे असतात. डोळ्यांची, कानांची, कातडीची बातमी त्यांच्या दारातूनच वर जाते. पट्टीतून निघणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या एका गोळ्यावर एकवटल्या, की तो दार लावून घेतो आणि त्या बाजूचा मेंदू गाढ झोपतो.

"एका घरात दोघं नांदतात," डॉक्टर म्हणाल्या. "एकानं झोपायचं, एकानं घर बघायचं. इतकंच."

"आन दोघांचं पटलं न्हाई तर, म्याडम?" रज्जाकनं मागून विचारलं, आणि अख्खा हॉल हसला. डॉक्टरही हसल्या.

उजवा अर्धा झोपला की शरीराची डावी बाजू परक्यासारखी होते आणि डावीकडचं जग लक्षातून निसटतं. ती बाजू गाडीचे कॅमेरे सांभाळत. बोलणं, नियम, रस्ता हे सगळं डाव्या अर्ध्याकडे, म्हणून ड्रायव्हर बिनचूक चालवी. पण समोरच्याचा चेहरा वाचणं, त्याचं दुखणं आपल्याला लागणं, रागाला लगाम घालणं यातलं बरंचसं काम उजव्याचं. तो झोपला की हेही झोपे.

दर काही तासांनी पाळी बदलायची असं ठरलं होतं. पण कंपनीत लवकरच लक्षात आलं, की उजवा झोपलेला ड्रायव्हर सोन्यासारखा. त्याला घर आठवत नाही, घाटाची भीती वाटत नाही, रस्त्यात कुणी हात केला तर तो थांबत नाही. मग उजव्याची जागं राहायची पाळी गाडी माल भरायला उभी असेल तेवढ्यापुरतीच उरली. तेव्हा डावा झोपे, आणि त्याच्याबरोबर शब्दही. गोदामांबाहेर ओळीनं उभ्या गाड्यांत ड्रायव्हर मुके बसून राहत आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. कशाचं, हे नंतर त्यांना सांगता येत नसे.

जोड्या मोडल्या. प्रत्येकाला स्वतःची गाडी मिळाली. पट्टी काढायला कुणाची ना नव्हती, पण काढली की दोन्ही अर्धे एकमेकांना भेटत आणि साठलेलं सगळं एकदम अंगावर येई. त्यापेक्षा नकोच ते. दगडापेक्षा वीट मऊ म्हणत माणसं सुट्टीतही पट्टी घालून राहू लागली.

भागवतही डोंगरकिन्हीला घरी आला तो पट्टीसकटच. सिंधूनं, त्याच्या बायकोनं, पिठलं केलं होतं. तो खात असताना ती त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"अहो, घरात तरी काढा की हे. माणूस घरी आल्यावानी वाटंना," ती म्हणाली, आणि तिनं पट्टीला हात घातला.

भागवतनं तिचा हात धरला आणि पिळला. ती ओरडली तरी पिळत राहिला, मनगटाचं हाड वाजेपर्यंत. मग सोडला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

सिंधूनं डाव्या हातानं मीठ आणून दिलं. ती रडत होती आणि हे त्याला कळत होतं, पाऊस पडतोय हे कळावं तसं. त्यानं जेवण संपवलं आणि गाडीवर निघून गेला. शेजारणीनं प्लास्टर घालून आणल्यावर सिंधूनं रज्जाकला फोन लावला. जगात दुसऱ्या कुणाला लावणार होती?

रज्जाकनं तोवर पट्टीही सोडली होती आणि वज्रपथही. तो दुसऱ्याच दिवशी चौसाळ्याच्या अलीकडच्या थांब्यावर येऊन बसला. भागवतची गाडी इथं थांबते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. चहाच्या टपरीवाला सोडला तर माणूस नव्हता. भागवत उतरला, टॉमी घेतली आणि फेरीला लागला.

"वैनीचा हात मोडलास म्हणं," रज्जाक त्याच्याबरोबर चालत म्हणाला.

"मनगट. खाली कोण हाय का?" भागवत थांबला, मग त्यानं ठोका घातला. ठण्ण.

"काय वाटायलंय तुला?"

"काय वाटायचं? पट्टी वढायली व्हती." ठण्ण.

रज्जाकनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. वीस वर्षांचं ओळखीचं तोंड, आणि आत कुणी नाही.

"ऐक," तो म्हणाला. "म्या कशानं सोडली सांगतो. येडशीच्या घाटात मोटारसायकल पडलेली. गडी रस्त्यात निपचित, आन त्याची बायको हुबी राहून हात करायली. म्या तिला चुकवून गेलो. गाडी हळू सुदीक केली न्हाई. घरी जाऊन पट्टी काढली आन मग आली ती बाई. अशी आली भाग्या, की म्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं. उलट्या पावली घाटात गेलो. रस्त्यावर रक्तावर नुसती वाळू टाकलेली."

"मग काढली कशाला?" भागवतनं विचारलं. त्याला खरंच समजत नव्हतं.

"आरं, ती बाई माझी हाय आता. कुणीतरी तिचं असाया पायजे का न्हाई?"

भागवतनं फेरी चालू ठेवली. एकच टायर राहिला होता, क्लीनरच्या म्हणजे डाव्या बाजूचा, सगळ्यात मागचा. रज्जाक झपझप पुढं गेला आणि त्या चाकापाशी मांडी घालून बसला. डोकं टायरला टेकवलं, हाताची घडी घातली.

"खाली कोण हाय का?" भागवत म्हणाला.

"हाय. रज्जाक पठाण हाय." तो हसला. "हा टायर वाजवायचा आसंल तर आदी पट्टी काढ. तवर म्या उठत न्हाई."

"सरक."

"न्हाई सरकत जा. बसतो सांजपत्तोर."

रज्जाकला वाटलं, आपण जिंकलो. खालून "हाय" म्हटल्यावर टॉमी उचलणारा ड्रायव्हर आजवर जन्माला आला नव्हता. त्या भरवशावर तो डोळे मिटून, ओठांत हसू ठेवून आरामात बसला.

भागवतला तो नीट दिसत होता. पिकलेली दाढी, कानामागं खोचलेली विडी, कपाळावरचा घाम. हा रज्जाक आहे हे ठाऊक होतं. टायर वाजवायचा राहिलाय, हेही ठाऊक होतं. डोकं मध्ये येत होतं. त्यानं उजव्या हातानं टॉमी उचलली आणि घातली.

पहिल्या घावात कवटी फुटली. रज्जाक एका अंगावर कलला, पण डोकं अजून टायरवरच होतं, म्हणून भागवतनं दुसरा घाव घातला आणि मग तिसरा. आता टायर मोकळा झाला. त्यानं रक्त पुसायच्याही भानगडीत न पडता ठोका घातला. ठण्ण. हवा बरोबर होती. टपरीवाला किंचाळत शेताकडं पळाला. भागवतनं रज्जाकला पायांना धरून चाकापासून दूर ओढलं, म्हणजे गाडी त्याच्यावरून जाणार नाही, आणि निघाला.

सोलापूरच्या अलीकडं टोलनाक्यावर पोलिसांनी त्याला उतरवलं. टॉमी केबिनमध्येच होती, तिला केस चिकटले होते.

कंपनीचे विभागप्रमुख कोठारे वकील घेऊन आले. गोड बोलणारा माणूस. त्यांनी भागवतच्या समोर खुर्ची ओढली.

"मयत गाडीच्या डाव्या बाजूला होता ना?"

"व्हय."

"म्हणजे डावीकडं. पट्टी असताना डावीकडचं दिसत नाही, हे शास्त्र आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे. तुम्ही टायर वाजवला आणि माणूस मध्ये आला. अपघात झाला."

"गाडीची डावी बाजू. माझ्या तर म्होरं व्हता."

कोठारेंनी इकडंतिकडं पाहिलं. "हे पुन्हा बोलू नका. आणि एक लक्षात ठेवा, केस संपेपर्यंत पट्टी काढायची नाही. तुमच्यासारख्याच दोघा ड्रायव्हरांनी काढली होती एकदम. एकानं विहीर जवळ केली, दुसरा अजून दोरखंडानं बांधून ठेवलाय. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

भल्यासाठी! मांजरानं उंदराची काळजी करावी, त्यातला प्रकार. पण भागवतला ते सयुक्तिक वाटलं. त्यानं मान हलवली. वकिलानं निष्काळजीपणाचं कलम लावून घेतलं आणि जामीन झाला.

कोर्टाच्या दारात सिंधू उभी होती, गळ्यात हात अडकवलेला. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलंच नाही.

"रज्जाकभाऊंची माती हाय आज. चला," ती म्हणाली.

जायला पाहिजे, हे बरोबर होतं. तो निघाला. कोठारेंनी कंपनीची गाडी मागोमाग ठेवली, आणि जामिनावरचा माणूस गावात चाललाय म्हणून एक हवालदारही बरोबर आला.

ते चौसाळ्याच्या कब्रस्तानाच्या फाटकाशी पोचले तेव्हा माती देऊन माणसं बाहेर पडत होती. रज्जाकचा धाकटा भाऊ सलीम सगळ्यात पुढं होता. त्यानं भागवतला पाहिलं. क्षणभर थांबला, मग धावत आला आणि त्याच्या तोंडावर ठोसा घातला. भागवत पडला. सलीम त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला, मुठींनी, कोपरांनी, मग हाताला लागलेल्या धोंड्यानं. डाव्या गालाचं हाड पिचलं. भागवतला त्याचा नुसता आवाज आला. हवालदार पुढं झाला, पण लोकांनी त्याला वाट दिली नाही.

"सलीम," भागवत तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "हात सोलपाटला तुझा."

सलीमचा हात वरच्या वर थांबला. त्यानं वाकून त्या डोळ्यांत पाहिलं, आणि किळस आल्यासारखा उठला.

"ह्याला काय मारायचं?" त्याचा आवाज फाटला. "माझा भाऊ ह्याच्यासाठी मेला, आन हे तर आदीच मेलेलं हाय!"

धोंडा टाकून तो फाटकाला टेकून रडू लागला. भागवत उठून बसला. त्यानं सिंधूकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" ती म्हणाली. "म्या एकदा काढाया गेले व्हते. आता तुमची तुमी काढा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

भागवतचा जागा अर्धा विचार करत राहिला. पट्टी ठेवण्याच्या बाजूनं सगळं होतं. नोकरी, जामीन, जेवण, झोप. काढण्याच्या बाजूनं काहीच नव्हतं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. रज्जाक आपला सगळ्यात जवळचा माणूस होता, हे त्याला ठाऊक होतं. रज्जाक मेला, हे ठाऊक होतं. आणि आपलं कुणी मेलेलं नाही, असंही वाटत होतं. तिन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं. कुठंतरी खोट होती आणि खोट सोडून पुढं जायची त्या अर्ध्याला सवय नव्हती. त्यानं दोन्ही हात वर नेले आणि पट्टी काढली.

आधी काहीच झालं नाही. माणसं गोल उभी होती.

मग डावा गाल दुखायला लागला. दुखता दुखता इतका दुखला, की त्यानं तोंड दाबून धरलं. डावा हात आपला वाटायला लागला. त्या हातानं चाचपलं तर शर्ट ओला होता. मग सिंधूचं मनगट त्याच्या मुठीत आलं, कोवळं, आणि हाड वाजलं. तो "आगं" म्हणाला. तिच्याकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. आणि मग कानामागं विडी खोचून, डोळे मिटून, हसत बसलेला रज्जाक आला.

भागवत जे ओरडला ते चौसाळ्याच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं. तो मातीत लोळला, त्यानं कपाळ दगडी फाटकावर आपटलं, एकदा, दोनदा, रक्ताची धार लागली. सलीमनंच त्याला मागून घट्ट धरलं, नाहीतर तिथंच डोकं फोडून घेतलं असतं.

"मार मला," तो सलीमच्या हातांत तडफडत म्हणत होता. "आता मार. आता लागतंय रं. आता मार!"

सलीमनं मारलं नाही. कोठारे घाईघाईनं पुढं आले, लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय. अपघात होता तो."

भागवतनं मान वर केली. एक डोळा सुजून बंद झाला होता.

"म्होरं व्हता," तो म्हणाला. "माझ्या म्होरं. म्या हाक मारली, त्यानं 'हाय' म्हटलं. हसत व्हता. मला दिसत व्हता, सलीम. म्या बघून घातली."

सलीमचे हात सैल झाले, पण त्यानं सोडलं नाही.

"हवालदार, हे बोलणं धरू नका," कोठारे म्हणाले. "हा माणूस शुद्धीवर नाही."

"आत्ता आलोय," भागवत म्हणाला, आणि हुंदके देत हवालदाराला सगळं पहिल्यापासून सांगू लागला.